चार बाटल्यांचं तीर्थ

काळ्या मातीचं कोंडसावंगी गाव कापसावर जगणारं. तिथे एका श्रावणात गोणी महाराज आले आणि बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या ओसरीवर उतरले. अंगावर एक गोणपाट, त्यावर कुठल्याशा खताची अर्धी पुसलेली अक्षरं. महाराजांना चमत्कारांचा कंटाळा असे. भक्तांना नसे.

आदल्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं गावाचा कापूस आतून पोखरला होता. दुसऱ्याच दिवशी सगळं गाव ओसरीवर हजर झालं. "बाबा, अंगारा द्या. वावराच्या चार कोपऱ्यांत टाकतो."

महाराज म्हणाले, "अंगाऱ्याला अळी नाही म्हणणार नाही. तोही खाईल."

मग त्यांनी तालुक्याहून भिक्षेत मागून आणलेले कामगंध सापळे वाटले. वर मादीच्या गंधाची गोळी, खाली पिशवी. गंधाला भुलून नर पतंग येतो आणि पिशवीत अडकतो. "रोज सकाळी पतंग मोजा," महाराज म्हणाले. "सलग तीन दिवस एकेका पिशवीत आठाच्या वर गेले, तर अळी दारात आली समजा. मग मला येऊन सांगा."

महाराजांच्या हातचा प्रसाद! तो उन्हापावसात टांगायचा कसा? लोकांनी सापळे देव्हाऱ्यावर टांगले, हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली. महिनाभर एकाही देव्हाऱ्यात पतंग आला नाही. कृपेनं अळी गेली, असं गावभर झालं.

सापळे वावरात लावले ते एकट्या गिरजाबाई टेकामनं. तिचं वावर दीड एकराचं. नवरा सोमा दुसऱ्यांच्या शेतात फवारणीला जाई. ती रोज पिशव्या पाही आणि ओसरीवर येऊन आकडा सांगे. बाकीचे नाम घेत, ही पतंग मोजी. महाराज दोन्ही सारख्याच लक्षानं ऐकत. खरं सांगायचं तर, आकडा जरा जास्त लक्षानं.

तिच्या वाटेत शामराव उमाट्यांचं फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. गावात सर्वांत मोठी शेती त्यांचीच, आणि सर्वांत मोठा आवाजही.

"काय व गिरजे, आज किती नवरदेव आले?"

"चार जी, मालक."

"जेवू घातलं का त्याईले?"

दुकानापुढचं बाकडं पोट धरून हसे.

शामरावांनी आदल्या वर्षीची पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, मार्चपर्यंत उभी ठेवली होती, चार बोंडं जास्त निघतील म्हणून. नंतर उपटून गिरजाबाईच्या धुऱ्याला, अगदी बांधालगत, तिची गंजी रचली. अळीला उन्हाळ्यात याहून चांगलं बिऱ्हाड कुठं मिळणार?

भाद्रपदात आकडे चढले. नऊ. अकरा. चौदा.

महाराज म्हणाले, "गिरजे, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुलं दिसतील, त्यांत अळी असते. ती तोडून जाळून टाक. गावालाही सांग."

ती दारोदार गेली. लोक म्हणाले, "आमच्या सापळ्यात तं काहीच नाही बाई."

आठ दिवसांनी शामरावांनी एक बोंड फोडलं. आत गुलाबी अळी निवांत पसरलेली. शामराव घाबरले, आणि घाबरलेला माणूस दुकानदार असला की हाताला लागेल ते औषध ओततो. चार बाटल्या एकाच ड्रममध्ये रिकाम्या झाल्या. "हे घ्या तीर्थ!" म्हणून त्यांनी काठीनं ढवळलं आणि सोमाला बोलावणं धाडलं.

"चार औषधं एका पंपात?" गिरजाबाई म्हणाली. "जाऊ नका."

"एकडाव नाही म्हटलं का तो पुन्हा बलावत नाही," सोमा म्हणाला आणि गेला.

ती धावत ओसरीवर आली. महाराजांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "त्या रिकाम्या बाटल्या उचलून आण. धुऊ नकोस." असं का, ते तिनं विचारलं नाही.

भर दुपार, पुढून वारा, तोंडाला फडकंही नाही. तिसऱ्या पंपाला सोमा पऱ्हाटीच्या ओळींमध्येच कोसळला. अंग घामानं थबथबलेलं, तोंडाला फेस. लोकांनी त्याला उचलून महाराजांपुढे आणलं आणि चौघं ओरडले, "बाबा, अंगारा!"

"साबण आणा!" महाराज गरजले. त्यांनी विषानं भिजलेले कपडे स्वतः उतरवले, बादल्यांमागून बादल्या ओतून त्याला धुतलं आणि अंगावरची गोणी त्याच्यावर पांघरली. लंगोटीवर उभे राहून त्यांनी सरकारी रुग्णवाहिकेला फोन लावायला सांगितला.

आणि भक्तहो, आता हात जोडा! ती गाडी वीस मिनिटांत आली. रस्त्यात पंक्चर झाली नाही. दवाखान्यात डॉक्टर जागेवर होते. औषध शिल्लक होतं. डॉक्टरांनी विचारलं, "काय फवारलं?" मागोमाग आलेले शामराव म्हणाले, "साधंच होतं जी, आठवत नाही." तेव्हा गिरजाबाईनं पदरातून चारही बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. डॉक्टरांनी नावं वाचली आणि नेमका उतारा टोचला. त्या जिल्ह्यात इतक्या गोष्टी एका दिवशी जागच्या जागी सापडल्याचं दुसरं उदाहरण कुणाला ठाऊक नाही.

सोमाचा जीव वाचला. नजर मात्र परत आली नाही. उजेड आणि अंधार, एवढाच फरक त्याला उरला.

गिरजाबाईचा कापूस बराचसा हाती आला. शामरावांची बोंडं किडून काळी पडली, आणि दुकानापुढचं बाकडं त्यांच्याकडे नुसतं पाहू लागलं. एका सकाळी ते ओसरीवर आले आणि त्यांनी महाराजांचे पाय धरले. "चुकलो, बाबा. इथं तुमचं मंदिर बांधून देतो."

महाराजांनी पाय काढून घेतले. "ज्याच्याशी चुकलास, तो तिकडे बसला आहे."

ओसरीच्या कडेला सोमा उन्हाला बसला होता, शेजारी गिरजाबाई. शामराव गेले, वाकले, आणि त्यांनी सोमाच्या पायांवर डोकं ठेवलं.

सोमा दचकला. हात पुढे करून त्यानं ते डोकं चाचपलं. "कोण आहे व?"

"शामराव मालक आहेत," गिरजाबाई म्हणाली. "तुमच्या पाया पडू रायले."

सोमानं जरा विचार केला. "काऊन? निवडणूक लागली का?"

कुणी हसलं नाही. महाराजही नाहीत. शामरावांनी डोकं वर केलं नाही. ते किती वेळ तसेच होते, हे उन्हं उतरेपर्यंत तिथे बसलेल्यांना विचारावं.

ज्यांनी ही कथा ऐकली, त्यांनी आधी वावरात जाऊन एक बोंड फोडून पाहावं. मग हात जोडावेत.