रुमालाचे दुसरे टोक

भूमध्य समुद्रातल्या एका लहानशा बेटावर, फार पूर्वी, होड्या बांधणारा एक सुतार राहत होता. एका सकाळी तो नेहमीसारखा फळीवर रंधा फिरवत होता. चुलीवर डांबर तापत होते, अंगणात बायको कोंबड्यांना हाकलत होती. तेवढ्यात शेजारचा मेंढपाळ कुंपणापाशी येऊन उभा राहिला.

"मिठागरवाला गेला रे. रात्री झोपला तो उठलाच नाही."

सुताराचा हात थांबला. आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता द्राक्षांच्या सणाला माझा रुमाल कोण धरणार?

त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण विचार येऊन गेला होता.

त्या बेटावर सगळे हातात हात गुंफून साखळीने नाचत. साखळीच्या टोकाला असे म्होरक्या. तो आणि त्याच्या शेजारचा गडी मात्र हात न धरता एका रुमालाची दोन टोके धरत आणि त्या रुमालाच्या आधाराने म्होरक्या उंच उड्या घेई. सुतार म्होरक्या होता. तरुणपणापासून त्याच्या रुमालाचे दुसरे टोक मिठागरवाल्याच्या हातात असे. लोक सुताराच्या उड्या बघत. दुसऱ्या टोकाकडे कोण बघतो?

म्होरक्याला वाटले तर त्याने शेजारच्याला पुढे करावे, अशीही रीत होती. पण ते त्याने आपणहून करायचे. मागणे कमीपणाचे समजत.

त्याच वर्षी वसंतात, मिठागरवाला जाण्याच्या काही महिने आधी, त्याच्या मुलीचे लग्न झाले होते. मिठागरवाला नवे जोडे घालून नाचायला आला. 'आज बापालाच पुढे करायला हवे,' असे सुताराच्या मनात आले. त्याने आपले टोक पुढे केलेही. इतक्यात पलीकडच्या बेटावरचे वऱ्हाडी ओरडले, "अहो सुतारदादा, तुमच्या उड्या बघायला आलोय आम्ही! जेवण काय, घरीही मिळतं!"

सुताराचा हात मागे आला.

"नाच गड्या," मिठागरवाला हसून म्हणाला. "मी धरलंय."

"द्राक्षांच्या सणाला तू पुढे. नक्की!"

"बरं," मिठागरवाला म्हणाला.

सण आला, तेव्हा मिठागरवाला नव्हता. दुसरे टोक एका धिप्पाड लोहाराने धरले. पावा घुमला, डफावर थाप पडली. सुताराने उडी घेतली आणि गुडघ्यांवर आपटला. पुन्हा घेतली, पुन्हा तेच.

"गुडघ्यात मीठ साठलं की काय रे तुझ्या?" एक म्हातारी ओरडली. सगळे हसले.

"नीट धर ना!" सुतार लोहारावर खेकसला.

"धरलाय की! खडकासारखा धरलाय. अजून काय करायचं असतं?"

अजून काय करायचे असते, ते सुताराला सांगता येईना. इतक्या वर्षांत त्याने कधी वळून पाहिलेच नव्हते. दगडी कठड्यावर मिठागरवाल्याची बायको काळ्या कपड्यांत बसली होती. तो तिच्यापाशी गेला.

"वहिनी, तो कसा धरायचा?"

"तुम्ही उडालात की ते खांदा खाली घेऊन तुम्हाला वर तोलायचे, भाऊजी. तुम्ही खाली यायच्या आत स्वतः वाकायचे, तुम्हाला हिसका बसू नये म्हणून. घरी आले की मी खांद्याला ऑलिव्हचं तेल चोळायची. म्हणायचे, त्याला सांगू नकोस हं, नाचताना त्याचं लक्ष जाईल." तिने नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहिले. "जोडे पुसून ठेवले होते त्यांनी. या सणासाठी."

सुताराला वर बघवेना.

तो परत साखळीत गेला. आपले टोक त्याने लोहाराला दिले आणि दुसरे टोक स्वतः धरले. लोहाराने उडी घेतली तसा सुतार वाकला. खांद्यातून कळ गेली.

त्यानंतर दर सणाला तो कोणाला ना कोणाला पुढे करी आणि स्वतः रुमाल धरी. लोक त्याला मनाचा मोठा म्हणू लागले. ते ऐकले की तो मान खाली घालून रुमालाची घडी करत बसे. मिठागरवाल्याला त्याने एकदाही पुढे नाचू दिले नव्हते.

तात्पर्य एवढेच: ज्याच्या आधाराने आपण उंच जातो, त्याचा मान त्याने मागण्याआधी द्यावा, आणि उद्यावर टाकू नये.