टोपली विणणाऱ्याची सून

फार जुनी गोष्ट आहे. त्या काळी डोंगराच्या अलीकडे एक भाषा होती आणि पलीकडे दुसरी. अलीकडच्या गावात टोपल्या विणणारा एक म्हातारा बुरूड राहत असे. त्याने पलीकडची मुलगी सून करून आणली.

त्या गावाची एक रीत होती. नव्या सुनेच्या कानावर वर्षभर दुःखाचा शब्द पडू द्यायचा नाही. त्यामुळे दूध उतू गेलं तरी सासू म्हणे, "छान झालं." मडकं फुटलं तरी म्हणे, "बरं झालं." सून ते ऐकत होती आणि ऐकून ऐकून बोलायला शिकत होती.

हंगाम संपला की तुला माहेरी नेतो, असं म्हाताऱ्याने तिला कबूल केलं होतं. तिने आईसाठी एक टोपली विणली. गाठोडं बांधून दाराशी ठेवलं. पण निघायच्या आदल्या दिवशी बैलाचा पाय मुरगळला.

म्हातारा खाली मान घालून म्हणाला, "पोरी, यंदा माहेरी जाणं होत नाही बघ."

सुनेने दाराशी ठेवलेल्या गाठोड्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं झालं, मामंजी."

म्हातारा चक्रावला. तरी शेजाऱ्याचा बैल मागून पाहावा म्हणून त्याने वहाणा घातल्या होत्या, त्या काढून ठेवल्या.

"माहेरी जाच असेल तिला," सासू हळूच म्हणाली.

"मग आईसाठी टोपली कशाला विणली?"

"मला काय विचारता? बुरूड तुम्ही."

संध्याकाळी सून गाठोडं सोडायला बसली. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"धूर लागला का गं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"छान आहे," ती म्हणाली.

म्हाताऱ्याला काही उमगेना. तोंड एक सांगतं, डोळे दुसरंच. खरं कुणाचं मानायचं? जेवतानाही त्याच्या मनात तेच घोळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो धान्याची मोठी कणगी विणून संपवत होता. काठ वळवताना बांबूच्या कामट्या कडाकड मोडल्या. महिन्याची मेहनत वाया गेली. रीतभात विसरून तो म्हणाला, "अरेरे. किती आस लावून बसलो होतो. फार वाईट वाटतंय."

"अहो, हळू. वर्ष व्हायचंय अजून," सासू म्हणाली.

पण सून धावत आली होती. "मामंजी, परत म्हणा."

त्याने परत सांगितलं. ती त्याच्या ओठांकडे बघत होती. मग सुटलेल्या गाठोड्याकडे बोट करून अडखळत म्हणाली, "आई. आस लावून बसले होते. फार वाईट वाटतंय."

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. मग बायकोला म्हणाला, "अगं, हे शब्द आपण हिला दिलेच नाहीत. ही बोलणार कशाने?"

त्याने वहाणा घातल्या आणि शेजाऱ्याचं दार गाठलं.

"काल मागितला असतास तर कालच दिला असता बैल," शेजारी म्हणाला.

"काल आम्हाला कळलं नव्हतं," म्हातारा म्हणाला.

माहेरच्या दारात आईच्या हाती टोपली देऊन सून मागे वळली. म्हातारा गाडी फिरवत होता.

"मामंजी, तुम्ही चाललात. वाईट वाटतंय," ती म्हणाली.

सून घरात आल्यापासून एवढं गोड बोलणं म्हाताऱ्याने ऐकलं नव्हतं. घरी परतल्यावर त्याने ती रीत कायमची मोडली.

तात्पर्य : परक्याला आपली भाषा शिकवाल, तेव्हा त्याला आनंदाचे शब्द द्या, तसे मन खट्टू झाल्याचेही द्या.