डागानंतरचे तेल

फार फार पूर्वी, लहानांनो आणि थोरांनो, एका डोंगराळ राज्यात केरोबा नावाचा कारागीर राहत होता. तांबड्या मातीच्या फरश्या भाजायच्या आणि लोकांच्या स्वयंपाकघरांत बसवून द्यायच्या, हा त्याचा धंदा.

भाजलेली माती तहानलेली असते. सांडेल ते पिते. म्हणून फरशी बसवून झाली की केरोबा तिला जवसाच्या तेलाचे हात देई, आणि तेल मुरून सुकेपर्यंत तिथे कुणाला पाऊल टाकू देत नसे. मग त्या जमिनीवर काहीही सांडो, फडके फिरवले की साफ.

एकदा त्याने स्वतःच्या स्वयंपाकघरातही फरशी घातली. त्याची बायको येसू हरखून गेली. ती म्हणाली, "अहो, तेलाचं तेवढं उरकून घ्या. सुकेपर्यंत मी चूल अंगणात मांडते."

"राजवाड्याचं काम संपू दे," केरोबा म्हणाला.

राजवाड्याचे संपले, मग देवळाचे निघाले. येसूने पुन्हा विचारले, "मग मीच देऊ का तेल?"

"नको. तुझ्या हातून ओघळ राहतील. चांगली फरशी बिघडवून ठेवशील."

तेल तसेच राहिले. रांधणे तर थांबत नव्हते. दूध उतू गेले, फोडणीचे तेल उडाले, हळदीचे हात लागले, आणि फरशी ते सगळे पीत गेली. येसू राखेने घासी, रिठ्याच्या पाण्याने घासी. तिची नखे झिजली, बोटांना चिरा पडल्या. डाग मात्र फिके होत, जात नसत.

एके दिवशी केरोबाने राज्याच्या कारभाऱ्याला जेवायला बोलावले. नव्या धर्मशाळेचे काम आपल्याला मिळावे, अशी त्याची इच्छा होती. शेजारची चार माणसेही आली. चुलीसमोर पाट मांडले गेले.

कारभाऱ्याची नजर खाली गेली. "काय रे केरोबा, तुझी फरशी इतकी डागाळते?"

तेल द्यायचे राहिले म्हणावे, तर आळशी ठरणार. फरशीला दोष द्यावा, तर काम जाणार. केरोबा हसून म्हणाला, "फरशी उत्तम आहे, सरकार. पण आमच्या घरातल्या बाईलाच स्वच्छतेची सवय नाही. काय करणार!"

सगळे हसले.

येसू हातात पळी घेऊन तिथेच उभी होती. तिने सगळ्यांना भात वाढला. कारभाऱ्याला "आणखी वाढू का?" असेही विचारले. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासून, पालथी घालून ती माहेरी निघून गेली.

धर्मशाळेचे काम केरोबाला मिळाले. येसू चार दिवसांत येईल, असे त्याला वाटले. ती आली नाही. घर खायला उठले, तेव्हा त्याने तेल काढले आणि फरशीवर चोळले. तेल मुरले तसे डाग उजळायच्या ऐवजी गडद होत गेले. तो घासायला बसला, पण आता पाणी आत शिरेना. नवे डाग ज्याने बाहेर अडवले, त्यानेच जुने आत कोंडून ठेवले होते.

शेवटी तो सासुरवाडीला गेला. येसू ओसरीवर तांदूळ निवडत होती.

"फरशीला तेल दिलं, येसू. आता डाग पडणार नाहीत. चल घरी."

"आणि पडलेले?"

केरोबा खाली बघू लागला. "ते आता निघायचे नाहीत."

"चार माणसांत तुम्ही मला जे बोललात, तेही निघत नाही हो," येसू म्हणाली. "मी रोज घासून पाहते."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याने समजूत काढली असती. तिने त्याला पाणी दिले, आईने जेवायला थांबवले, पण ती काही त्याच्याबरोबर निघाली नाही.

केरोबा एकटाच परतला. पुढे त्याने राज्यभर फरश्या बसवल्या, नावही मिळवले. घरी मात्र आपली भाकरी तो आपणच थापून खाई, आणि जेवताना मान वर करून छताकडे पाही.

तात्पर्य : जे जपायचे ते वेळेवर जपावे, आणि आपल्या आळसाचा ठपका दुसऱ्याच्या माथी मारू नये.