पाव भरलेली बादली

एकदा एका बंदरावर, मंगळवारी दुपारी पावणेदोन वाजता, लिलावाच्या शेडमधल्या फरशी धुण्याच्या यंत्राचा दाब गेला. पेट्रोलवर चालणारं इंजिन, त्याला जोडलेला पंप, पुढे लांब नळी आणि हातात धरायची गन, एवढंच ते यंत्र. इंजिन धडधडत होतं, पण गनचा घोडा दाबला की पाणी दोन हातांवर गळून पडे. चार वाजता होड्या लागणार होत्या आणि कालच्या घाणीवर आजची मासळी उतरवता येत नाही.

यंत्र चालवणारा हरेश्वर तांडेल घामाने निथळला होता. त्याने पेट्रोल बदललं, ऑइल पाहिलं, प्लग काढून पुसला, एअर फिल्टर झटकला, गनच्या तोंडाचं भोक टाचणीने मोकळं केलं. पाणी होतं तसंच. टोपली घेऊन आलेली एक मासळीवाली बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "हरी, यापेक्षा लांब तर मी थुंकते."

त्याला हसू आलं नाही. मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरींनी दाब गेल्याचं कळताच एक टाइप केलेला कागद पाठवला होता. चालकाच्या निष्काळजीपणामुळे यंत्र नादुरुस्त झालं, असं त्यावर लिहिलं होतं, खाली सहीपुरती जागा. चार वाजेपर्यंत यंत्र चाललं नाही तर सही करायची आणि उद्यापासून यायचं नाही. त्याच्या आधीच्या दोघा चालकांनीही असाच कागद सही करून दिला होता. मजकूर तोच, नाव तेवढं नवं. त्यांची यंत्रं शेडमागे ताडपत्रीखाली पडली होती. तिसऱ्याला दृष्ट लागू नये म्हणून सोसायटीने त्याच्या हँडलला लिंबू-मिरची बांधली होती. एवढी दक्षता मात्र घेतली गेली होती.

शेवटी त्याने दाऊदमिस्त्रींना बोलावलं. चाळीस वर्षं होड्यांची इंजिनं दुरुस्त केलेला हा म्हातारा त्याचा गुरू; बंदरावर सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचा आले तेव्हा हरेश्वर बंद इंजिनाची दोरी पुन्हा ओढत होता आणि ती दगडासारखी घट्ट झाली होती.

"आधी घोडा दाबून आतला दाब सोड, मग ओढ," चाचा म्हणाले. "खांद्याने काय बिघडवलंय तुझं?"

मग त्यांनी यंत्राकडे पाठ फिरवली. एक रिकामी बादली मागवली. यंत्राच्या मागून पाण्याचा पाइप सोडवून बादलीत टाकायला लावला, पालथ्या क्रेटवर बसले आणि विडी पेटवली. तीन वाजत आले होते. म्हाताऱ्याला आता भ्रम झाला असावा, असं हरेश्वरच्या मनात आलं.

विडी संपली. बादली पाव भरली होती.

"हे यंत्र पाणी जोराने फेकतं, पाणी बनवत नाही," चाचा म्हणाले. "मागून येईल तेवढंच पुढे जाणार. पाणी कमी पडलं की पंप हवा ओढतो आणि कण्हतो. तू तोंडात टाचणी घालत बसलास, कारण तोंड तुझ्या हातात होतं. कागद लिहिणाऱ्यालाही तुझंच नाव हाताशी होतं. दोघांपैकी एकही मागे चालत गेला नाही."

दोघे पाइप धरून मागे चालत गेले. शेडच्या भिंतीपलीकडे पाइपला दोन फाटे होते. बर्फाच्या कारखान्याकडे जाणारा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता, म्हणजे कारखाना जास्त पाणी ओढेल त्या दिवशी शेडला ते पुरणार नव्हतं. शेडकडचा जेमतेम किलकिला होता, आणि त्याच्या चाकाला साखळी गुंडाळून कुलूप घातलेलं होतं. कुलपाला गंज चढला होता, म्हणजे ते कालपरवाचं नव्हतं.

वाद घालायला वेळ नव्हता. त्यांनी हातगाडीवर मोठं पिंप चढवलं, विहिरीच्या पाण्याने भरत ठेवलं आणि त्याच्या बुडाशी पाइप जोडला. घोडा दाबताच धार थेट समोरच्या खांबावर आदळली. चारला पाच मिनिटं कमी असताना फरशी स्वच्छ होती.

पहिली टोपली उतरली तेव्हा हरेश्वर शेडमागे गेला. ताडपत्री बाजूला करून त्याने आधीच्या चालकांपैकी एकाचं यंत्र ओढून आणलं, त्यात ताजं पेट्रोल घातलं आणि त्याच पिंपाला जोडलं. सातव्या झटक्याला ते सुरू झालं. दाब पूर्ण होता.

मग खिशातला कागद काढून सहीच्या जागी त्याने लिहिलं: यंत्र चांगलं आहे, पाणी सोडलं जात नाही, व्हॉल्व्हला कुलूप आहे. खाली वार आणि वेळ टाकली.

सेक्रेटरींनी कागद वाचून ड्रॉवरमध्ये ठेवला. कुलूप सोसायटीचं नाही, असं ते म्हणाले. आमचंही नाही, असं बर्फ कारखान्याच्या मॅनेजरने सांगितलं. आधीचे दोन चालक अजून घरी बसले आहेत, पिंप अजून हातगाडीवर आहे, आणि त्या कुलपाची चावी कोणाकडे आहे, हे आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.