मापात बसलेले सासरे

डोंगरावरच्या एका गारठ्याच्या गावात भागुजी नावाचा भोळा माणूस स्वेटर विणायचा. हात असा चपळ की सुया दिसायच्या नाहीत. डोक्याचं मात्र तसं नव्हतं.

त्या गावात शहरातून एक चित्रकार राहायला आला. त्याने आपलं चित्र भागुजीपुढे ठेवलं. लाल चौकोन, पिवळा त्रिकोण, मधे एक माणूस. त्याची मान काखेत आणि हात पोटातून निघालेला.

"असाच स्वेटर हवा. हुबेहूब."

भागुजीने हुबेहूब विणला. सपाट, चार कोपऱ्यांचा. कडेने तपकिरी चौकट, वर खिळ्याला अडकवायची दोरी.

"अरे, यात मी शिरू कुठून?"

"चित्रात तरी कुठे दार आहे, साहेब?"

बायको मंजुळा म्हणाली, "अहो, आधी माणूस बघावा. मान कुठे, हात कुठे, तसं विणावं."

"बरं." भागुजीने स्वेटर उसवला आणि चित्रातला माणूस नीट बघितला. गळा काखेत ठेवला. बाही एकच, ती पोटावर.

चित्रकार खवळला. भागुजी चित्राकडे बोट दाखवून म्हणाला, "त्याला घालून बघा की. तक्रार करतो का बघू."

मंजुळेने कपाळाला हात लावला. "चित्रातला नव्हे हो, घालणारा! तो जसा असेल तसं माप घ्या."

"बरं." पुन्हा उसवला. चित्रकार तेव्हा रंगवत होता. एक हात कमरेवर, दुसरा कुंचल्यासकट आभाळाकडे. माप तसंच घेतलं. डावी बाही कमरेला शिवली, उजवी ताठ वर.

चित्रकार त्यात शिरला खरा, पण हात काही खाली येईना. तसाच तो भांडायला भागुजीच्या दारात आला, तर वर केलेला हात बघून एसटी तिथेच थांबली.

"चढा लवकर!" कंडक्टर ओरडला.

चित्रकार चढला नाही. मंजुळा चढली. बोचकं तयारच होतं. खिडकीतून म्हणाली, "मी चालले माहेरी. आता अंगाला धरूनच विणा, कुठे फट नको. एका तरी माणसाला स्वेटर बसला तर न्यायला या. आणि तो उसवलात, तर मी मुळीच यायची नाही!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी भागुजी लोकर घेऊन सासुरवाडीला पोचला. सासरे जेवून अंगणात खुर्चीवर घोरत होते. भागुजीने अंगाला धरून विणायला घेतलं. पाठीला फट नको, म्हणून खुर्चीची पाठही आत घेतली. हातांना फट नको, म्हणून खुर्चीचे हातही.

तिन्हीसांजेला सासरे उठायला गेले. खुर्ची बरोबर उठली.

"जावईबापू, सोडवा मला!"

"मामा, उसवल्याशिवाय सुटणार नाही. आणि उसवला तर मंजुळा येणार नाही."

"बाबा," मंजुळेने दारातून विचारलं, "बसला का हो?"

"अगं, बसलोय तो मी!"

"बसला म्हणतात," भागुजी म्हणाला. "तुझं बोचकं घे."

ते घरी पोचले तेव्हा बैलगाडीत मंजुळा होती, बोचकं होतं, आणि मधोमध खुर्चीसकट सासरे. वेशीवर चित्रकार उभा होता, हात अजून वरच. त्याने अर्धा माणूस, अर्धी खुर्ची पाहिली आणि आनंदाने ओरडला, "भागुजी, हेच! हेच मला हवं होतं!"

"बरं," म्हणून भागुजीने सासरे त्याच्या दारात उतरवले.