वाकड्या नाकाचे कॅमेरॉन

एकदा काय झालं, स्कॉटलंड नावाच्या गार देशात, तळ्याकाठी एक गाव होतं. गावात नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. आजोबा इयन, म्हणून नातू इयन. शेजारचे आजोबाही इयन, त्यांचाही नातू इयन. दुसरं नाव कुणाला सुचेल तर शपथ! एखादी बाई दारातून 'इयन, जेवायला ये' म्हणाली, की गावातले सगळे पुरुष हात धुऊन हजर.

मग लोकांनी युक्ती काढली. एक झाला तांबडा इयन. एक बुटका इयन. आणि एकाला लहानपणी मेंढ्यानं धडक दिली होती, तो वाकडनाक्या इयन. त्यांच्या भाषेत वाकड्याला 'कॅम' म्हणतात आणि नाकाला 'स्रोन'. म्हणता म्हणता त्याचं झालं कॅमेरॉन. नाही शर्वू, कॅमेऱ्याशी काही संबंध नाही. किती वेळा सांगायचं? पाय पांघरुणात घे.

तर तांबड्याला राग नव्हता, बुटक्यालाही नव्हता. वाकडनाक्याचा मात्र तिळपापड. कुणी 'कॅम' म्हणायचा अवकाश, हा काठी घेऊन मागे! मग गाव गप्पच बसलं. बापाला असं काही म्हणतात, हे त्याच्या लेकीला, ऊनाला, कधी कळलंच नाही.

बरं का, त्या तळ्यात एक घोडा राहायचा. पाणघोडा नव्हे, तो प्राणिसंग्रहालयात असतो. हा जादूचा घोडा. काळाभोर, आणि पाठ डिंकासारखी चिकट. ऊना हौसेनं त्याच्या पाठीवर बसली. बसली ती चिकटली, आणि घोडा तिला घेऊन तळाशी गेला.

मग बाप धावत आला. मागून सगळं गाव आलं. घोड्यानं पाण्याबाहेर मान काढली.

"सूर्य बुडायच्या आत हिच्या बापानं आपलं नाव सांगावं आणि पोर न्यावी. नाहीतर हिचा मासा होईल."

"मी इयन!" बाप ओरडला.

"आम्हीही इयन!" मदतीला आलेलं गाव ओरडलं.

"गप्प बसा रे गाढवांनो!"

घोडा वैतागला. "इथे इयन सोडून कुणी राहतं का? नीट सांग."

"मी इयनचा मुलगा इयन!"

"आम्हीही!" गाव म्हणालं. काय करणार, खोटं नव्हतंच ते.

मग बुटका इयन हळूच म्हणाला, "अरे बाबा, ते नाव सांग की."

"कुठलं?"

"तुला ठाऊक आहे कुठलं. मी नाही बोलणार. माझी पाठ अजून दुखतेय."

सूर्याची नुसती कड उरली. पाण्यात ऊनाच्या पायांवर चंदेरी खवले दिसायला लागले. मग बापानं डोळे घट्ट मिटले आणि सगळ्या गावासमोर ओरडला, "मी कॅमेरॉन! वाकड्या नाकाचा! झालं समाधान?"

या वेळी 'आम्हीही' कुणी म्हणालं नाही.

घोडा काठाशी आला. त्यानं नाक इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. "आहे खरं," म्हणाला, आणि ऊनाला काठावर ठेवलं. खवले गळून पडले. "पण नाव पाण्यात पडलं हो. आता ते परत घेता यायचं नाही. तुझ्या साऱ्या घराण्याला चिकटलं ते."

बाप मान खाली घालून उभा. ऊनानं त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"बाबा, तुमचं नाक वाकडं आहे? मला वाटायचं, बाबांचं नाक असंच असतं."

मग बापानं तिला खांद्यावर घेतलं, काठी तळ्यात फेकली, आणि सगळी घरी जाऊन सुखानं राहिली. पुढे त्या घराण्यात सरळ नाकाची माणसंही जन्मली. ती बिचारी जन्मभर आडनावाचा अर्थ सांगत बसतात, आणि ऐकणारा आधी त्यांच्या नाकाकडे बघतो. बघेना का! पोर पाण्यातून वर आली की नाही?

आली ना? मग मिटा डोळे. आणि शर्वू, स्वतःचं नाक चाचपणं पुरे.