हा काढा कुणी सांगितला?

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या शिष्याने वनौषधींचा ग्रंथ लिहून पूर्ण केला. निरंजन त्याचे नाव. तीन वर्षे तो डोंगरातल्या वस्त्या-पाड्यांवर हिंडला होता. सुईणींनी, मेंढपाळांनी सांगितलेले उपचार त्याने शुद्ध, डौलदार भाषेत उतरवले होते. त्या माणसांपैकी एकाचेही नाव मात्र ग्रंथात नव्हते.

वैद्यांनी ग्रंथ दोनदा वाचला आणि मिटून ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ते येणाऱ्या रुग्णांना निरंजनाकडे पाठवू लागले. निरंजनाला तो आपला सन्मान वाटला.

चौथ्या दिवशी एक माणूस तापाने फणफणलेल्या पत्नीला घेऊन आला. निरंजनाने ग्रंथातला काढा उकळला. पेला हाती घेताना ती क्षीण आवाजात म्हणाली, "सातवा महिना आहे मला. चालेल ना?"

निरंजन गोंधळला. ग्रंथात त्याविषयी एक अक्षरही नव्हते. काढा सांगणाऱ्या बाईने काही बजावले होते का? ती कोण, कुठल्या पाड्यावरची? काहीच आठवेना. तो गुरूंकडे धावला.

"मला कशाला विचारतोस? काढा तुझा आहे ना?" ते म्हणाले.

हा राग की परीक्षा, हेही त्याला उमगेना. शेवटी त्याने पेला परत घेतला आणि आपल्याला ठाऊक नाही, असे त्या दोघांना सांगितले. तेव्हा वैद्य उठले. त्यांनी स्वतः उपचार केले आणि संध्याकाळपर्यंत तिचा ताप उतरला.

निरंजनाला चैन पडेना. तीन दिवस पाडे पालथे घातल्यावर तो काढा सांगणारी सुईण भेटली. भिवराबाई तिचे नाव. गरोदर बाईला हा काढा द्यायचा नाही, हे तिने तेव्हाच सांगितले होते.

तो परत आल्यावर वैद्य त्याला म्हणाले, "तिचं नाव गाळलंस, त्यात तिचा मान गेलाच. शिवाय शंका आली तर विचारायचं कुणाला, हेही कुणाला कळेना. तुलासुद्धा."

"पण सगळ्यांची नावं घातली, तर त्यात माझं काय राहिलं?"

"तीन वर्षं फिरून तू हे एकत्र आणलंस. ते तुझंच आहे. तेवढं तुझं म्हणून लिही."

निरंजनाला हे अर्धेच पटले. तरीही तो नावे लिहायला बसला. काही आठवली, काहींसाठी पुन्हा डोंगर चढावा लागला. एका लेपापाशी मात्र तो अडला. एक म्हातारी, तिने दिलेली भाकरी, तिचे हसणे, सारे डोळ्यांपुढे आले, पण नाव नाही. काय लिहू, असे त्याने गुरूंना विचारले.

"जे खरं असेल ते."

मग त्याने लिहिले, 'हा लेप मला एका वृद्ध स्त्रीने शिकवला. मी तिच्या घरी जेवलो, पण तिचे नाव विचारले नाही.'